वरून सांगितलेलं जंगल
संत्र्याच्या पेटीतल्या तणसाचा, त्या वाळक्या पेंढ्याचा वास आला, की मला ताईचं ते चिडणं आठवतं. संत्र्याचा हंगाम संपल्यावर सौंसरहून आम्ही तिला जंगल दाखवायला नेलं होतं. पाणवठ्याजवळच्या मचाणाला नुसत्या पायऱ्या होत्या आणि ताई व्हीलचेअरवर. वनरक्षक आणि मी तिला उचलायला वाकलो, तशी ती भडकली, "मी का संत्र्याची पेटी आहो, उचलून ठेवाले? जा तुम्ही वर!" ऊन उतरलं, मोहाचा गोडसर वास सुटला आणि गवे पाण्यावर आले. खाली झुडपांआडून ताईला पाणवठा दिसत नव्हता, म्हणून मी वरच्या कठड्यावरून वाकून दबक्या आवाजात तिला सगळं सांगत होतो. खालून तिचं सुरूच, "पिल्लू आहे का रे? पाणी पिऊन राहिलं का?" "आईच्या पोटाखाली उभं आहे, ताई." तिनं डोळे मिटले, जणू आतल्या आत पाहत होती. ताईला जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा पुन्हा तिथं गेलो, तर पायऱ्यांशेजारी चांगला रुंद उतार बांधलेला. एक बाई आपल्याच हातांनी व्हीलचेअरची चाकं फिरवत वर आली, कठड्याशी थांबली आणि पाण्याकडे पाहत राहिली. तिला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. मी मात्र नकळत कठड्यावरून खाली वाकलो होतो.