बाबांनी अफझलगंजात केलेली चौकशी

परभणी स्टेशनवर माझा सत्कार झाला तेव्हा मी आयुष्यात काहीही केलेलं नव्हतं. काकांनी शाल घातली, 'घराण्यातली पहिली अर्थतज्ज्ञ' म्हटलं, आणि गाडी उशिरा असल्यामुळे भाषण लांबलं. बाबा मात्र खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "वर्षभर बघ. नाही जमलं तर परत ये. कॉलेजातली शिकवायची जागा धरून ठेवायला सांगितलंय."

हैदराबादच्या इंग्रजी दैनिकात मला अर्थकारण लिहायचं होतं. मिळालं ते 'गृहिणींसाठी बचतीच्या युक्त्या'. विकासदरावर लिहायला सूटवाले होते. माझ्या वाट्याला उरलेल्या भाताचं अर्थशास्त्र. नारायणगुड्याच्या हॉस्टेलात पप्पू-अन्नम, म्हणजे तिथला वरण-भात, आवडू लागला, तोंडात 'हौ' आणि 'नक्को' कधी बसले कळलं नाही. शहर जमलं होतं, नोकरी नाही. वर्ष संपलं आणि बाबा मला न्यायला आले.

गाडीला वेळ होता, म्हणून त्यांना अफझलगंजच्या बाजारात नेलं. बाबांना भाव विचारायची भारी हौस. घेत काहीच नाहीत. मिरचीच्या एका दुकानदाराच्या गादीवर बसून त्यांनी आपल्या मराठवाडी दख्खनीत सुरुवात केली, "मियाँ, भाव तो वैसाच है. फिर किलोवाला गिऱ्हाईक पाव किलो पे कायकू आया?"

"हात तंग है साब. टीव्हीवाले बोलते सब बढरा. उनको बोलो, इधर आके बैठो."

बाबांना चेव आला. पुढच्या प्रत्येक दुकानात तोच प्रश्न, जवळपास तेच उत्तर. मी भराभर लिहून घेत होते. गाडी चुकली.

"तिकीट वाया गेलं," बाबा म्हणाले, "आता लिही तरी नीट."

लेख पहिल्या पानावर आला, माझ्या नावानिशी. सूटवाल्यांनी त्याला 'किस्सेवजा' म्हटलं आणि लगेच एका परिसंवादात आमचा पाव किलो स्वतःचा म्हणून वापरला. बाबांनी परतीचं एकच तिकीट काढलं. निघताना म्हणाले, "कॉलेजला कळवतो, जागा दुसऱ्या कुणाला द्या. आणि लेखात माझं नाव का नाही?"

आता माझा स्वतःचा स्तंभ आहे. परभणीला गेले की घरचे माझ्यासाठी नवे कप काढतात. तेवढ्यावरून कळतं, मी पाहुणी झाले. अफझलगंजात मात्र चहा येण्याआधी तक्रार येते, "बाबा कब आरे, बेटा? तुम अकेले आए तो मजा नै आता."

"आते, आते," म्हणत मी चपला काढते आणि गादीवर बसते.