शिखरावरचे चाळीस पेले

आमच्या ह्यांना कोणी विचारलं, काय काम करता, तर म्हणायचे, "खड्डे खणतो." खोटं नाही. संग्रहालयाच्या नोकरीत तीस वर्षं ह्या माणसाने डोंगरावर प्लास्टिकचे पेले कडेपर्यंत मातीत पुरले. काळा भुंगेरा चालता चालता आत पडायचा, हे त्याची नोंद करून सोडून द्यायचे. माझी धाकटी बहीण म्हणायची, "भावजी म्हणजे किड्यांचे हजेरीमास्तर!"

हा भुंगेरा उडत नाही, त्याला पंखच नाहीत. बर्फाच्या कडेचा गार, ओला दगड त्याचं घर. उन्हाळे तापू लागले तसा तो वर वर सरकला आणि त्याच्यामागे हे. शेवटी शिखर आलं. त्याच्यावर जागाच नाही.

त्यात शिखर सपाट करून मनोरा उभारायचं ठरलं. ह्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्या कामाचा अधिकारी म्हणाला, "महिनाअखेर एक जिवंत भुंगेरा दाखवा, काम थांबवतो."

जिवंत हवा तर पेला कोरडा लागतो, आणि कोरडा पेला रोज बघावा लागतो, नाहीतर पाखरं टिपून नेतात. म्हणजे रोज चार तास चढ, चार तास उतार. ह्यांचे गुडघे सुजून टम्म झाले. आठवडा उरला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"त्या किड्यापायी अंथरूण धरलंत तर तुमचं कोण करणार? पेल्यात व्हिनेगर घाला, त्यात पडलेला कुजत नाही, वर फट सोडून झाकण ठेवा आणि तीन दिवसांनी जा. मेलेला काय, जिवंत काय, पुरावा तो पुरावा!"

तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही. तेव्हा मात्र ऐकलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात बसले. टेबलावर बाटली ठेवली. आत एक भुंगेरा.

"अगंबाई, सापडला की!" मी चहाचं आधण ठेवायला धावले.

"मादी आहे," हे म्हणाले. भिंगाखाली पोट उघडून बघितलं होतं त्यांनी. "अठरा अंडी होती. दुसरी कुठे दिसली नाही."

अधिकाऱ्याने बाटली हातातसुद्धा घेतली नाही. "संग्रहालयाच्या जुन्या पेटीतला कशावरून नाही? अट जिवंतची आहे."

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हो. बोला मला काहीतरी, शिव्या द्या."

"पेले मी पुरले," म्हणाले, आणि ते धुवायला बसले.

चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीस पेले फडक्याने कोरडे करून पिशवीत भरून दिले. चारही दिवस चाळीसच्या चाळीस रिकामे निघाले. पाचव्या दिवशी यंत्रं वर चढली.

शेजारीण परवा विचारत होती, भावजींचे गुडघे कसे आहेत? बरे आहेत, म्हटलं. दुखायला आता जायचं कुठे!