जागा धरणारा काशाप्पा

भालकीच्या बसस्टँडवर हमाल चिक्कार होते, पण जागा धरणारा काशाप्पा एकच. ओझं काय, कुणीही उचलतं, त्याला नुसती पाठ लागते. जागा धरायला अंग चपळ लागतं, डोकं लागतं आणि थोडीशी बेशरमी लागते. या तिन्ही गोष्टी देवानं काशाप्पाला देताना हात आखडता घेतला नव्हता.

उदगीरची किंवा लातूरची गाडी स्टँडात वळली की ती थांबायच्या आत काशाप्पा तिच्या बाजूनं पळत सुटायचा. खांद्यावरची लाल दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, खिडकीतून आत जायची आणि दस्तीच्या पाठोपाठ काशाप्पा. बाहेर लोक दाराशी एकमेकांचे सदरे फाडत असायचे, तेव्हा हा पठ्ठ्या आत तिघांच्या बाकावर आडवा पसरून, “माणूस हाय इथं! माणूस यायलाय!” म्हणून ओरडत असायचा. मग ते ‘माणूस’ आरामात पान चघळत वर यायचं, बसायचं, काशाप्पाच्या हातावर काय ते टेकवायचं. काशाप्पा दस्ती झटकून खांद्यावर टाकायचा. तेवढ्यात कंडक्टरची शिट्टी वाजायची आणि हा खाली. जागा धरली, माणूस आलं, शिट्टी झाली, उतरलं. हे इतकं अंगात मुरलं होतं, की झोपेत कुणी शिट्टी मारली असती तरी तो बाजेवरून उतरला असता.

खरं तर त्याच्या सात पिढ्यांत कुणी जागा धरली नव्हती. ही धनगराची जात. मेंढरं पुढं आणि माणसं मागं, जिथं दिवस मावळेल तिथं मुक्काम. पण बापाची दीडशे मेंढरं एका साथीत पटापट आडवी झाली. घरात उरलं काय, तर त्याच मेंढरांच्या लोकरीचं एक काळं घोंगडं आणि नुकतीच लग्न करून आणलेली बाणूबाई. दोन्ही घेऊन काशाप्पा भालकीला आला. आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

आता बाणूबाईचं सांगतो, कारण काशाप्पाचं सगळं जिणं तिथंच अडकलेलं आहे.

एकसष्ट सालची गोष्ट. बाणूबाई सात महिन्यांची पोटुशी, बाळंतपणाला उदगीरजवळ माहेरी निघाली होती. काशाप्पानं त्या दिवशी दस्ती टाकली ती बायकोसाठी. खिडकीजवळची, चाकापासून लांबची, उन्हाच्या उलट्या अंगाची जागा. बाणूबाई बसलीसुद्धा. इतक्यात तहसील ऑफिसातले जगदेवप्पा कारकून गाडीत चढले. रोजचं गिऱ्हाईक, हात सैल, बोलणं गोड. “काय काशाप्पा, आज आमाला उभं ऱ्हावं लागतंय जणू?” एवढंच म्हणाले बिचारे. त्यांना काय ठाऊक, बसलेली बाई कोण आहे ते.

काशाप्पा बायकोकडे वळून म्हणाला, “ऊठ गं. सायबाला बसू दे. तू काय, घरचीच हाईस.”

बाणूबाई उठली. भालकी ते उदगीर पोट सांभाळत, वरची दांडी धरून उभ्यानं गेली. रस्ता कसला, दगडांची रास. मुलगी झाली ती सुखरूप, तिचं नाव कलाबाई. पण बाणूबाईच्या पायांची सूज बाराव्या दिवसानंतरही उतरली नव्हती.

ती भांडली असती तर परवडलं असतं. भांडण पावसासारखं, येतं आणि जातं. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं गाडीत बसणं सोडलं. गाडी रिकामी असली तरी उभी. कंडक्टर म्हणायचा, “अक्का, बसा की, सगळी गाडी मोकळी हाय.” ती म्हणायची, “असू द्या. मी घरचीच हाय.” काशाप्पानं मैलारच्या जत्रेच्या गाडीत दोनदा खास तिच्यासाठी दस्ती टाकून बघितली. एकदा ती उभ्यानं गेली आणि दुसऱ्यांदा सरळ पायी. त्या वेळी काशाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ‘चुकलं’ ही तीन अक्षरं त्याला म्हणता आली नाहीत. पुरुषाच्या जातीला ही अक्षरं जड जातात, काशाप्पा काही वेगळ्या मातीचा नव्हता.

अशी एकोणीस वर्षं गेली. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, गाड्या बदलल्या, काशाप्पाच्या मिशा पिकल्या. कलाबाईचं लग्न झालं. जावई लिंगाप्पा गवंडीकामाला पणजीला गेला, तिलाही घेऊन गेला. ऐंशीच्या दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. स्टँडवरच्या कँटीनवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कलाबाईला मुलगा झाला होता, बारशाला दोघांनी यायचंच होतं. खाली लिंगाप्पानं रस्ता लिहिला होता. हुबळीकडून आलात तर चार गाड्या बदलाव्या लागतील. त्यापेक्षा गुलबर्ग्याहून रेल्वेनं मुंबईला जा आणि तिथून जहाजात बसा. जहाजात शिटा नसतात. डेकवर अंथरूण टाकायचं, तिथंच बसायचं, तिथंच झोपायचं. “मामा, जहाजात चढल्यावर पहिलं काम, जागा धरा. समुद्र मागून बघितला तरी चालतो.”

सगळं स्टँड हसलं. “बगा की, काशाप्पाला जागा धरायला शिकवायलाय ह्यो!” कँटीनवाला म्हणाला.

काशाप्पाही हसला, पण त्याच्या डोक्यात दोनच शब्द राहिले होते. शिटा नसतात. चार गाड्या म्हणजे बाणूबाई चारही गाड्यांत उभी राहणार, चाळिशीला टेकलेली बाई. आणि जहाजात सगळी दुनियाच भुईवर बसलेली. तिथं मी घोंगडं अंथरलं तर ती बसेल का? एकदा, मरायच्या आत एकदा, मी धरलेल्या जागेवर ही बसेल का? त्यानं घरी येऊन सांगितलं, “जहाजानं जायचं.” बाणूबाई म्हणाली, “व्हय.”

गुलबर्ग्यापर्यंतच्या गाडीत बाणूबाई उभीच होती. रेल्वेत जागा धरायचा प्रश्नच आला नाही. डबा आधीच ठेचून भरला होता. दोघं दारापाशी टेकले, ती आपल्या बोचक्यावर, हा आपल्या टाचांवर.

सकाळी विचारत विचारत दोघं भाऊच्या धक्क्यावर पोचले आणि जहाज बघून काशाप्पाचे पाय थबकले. उंचीची त्याला फिकीर नव्हती. पण त्यानं सवयीनं आधी खिडक्या बघितल्या, आणि त्या होत्या वाटोळ्या, ताटलीएवढ्या, काचा लावलेल्या. त्यातून मांजर जाणार नाही, तिथं काशाप्पा कुठून जाणार? म्हणजे चारचौघांसारखं शिडीवरूनच चढायचं. वर ही गर्दी! ट्रंका, वळकट्या, कोंबड्यांच्या पाट्या, फणसाएवढी पोरं कडेवर घेतलेल्या बायका.

पण चार पावलांत तो सावरला. शिडीच्या तोंडाशी एका खलाशाला त्यानं विचारलं, “भई, गोवा किधर कू है?” खलाशानं बोट दाखवलं. काशाप्पानं मान वर करून सूर्य बघितला, धुराचं नळकांडं बघितलं आणि मनात गणित केलं. दुपारून ऊन समुद्राच्या अंगाला येणार, म्हणजे जागा जमिनीच्या अंगाला पाहिजे. धूर मागं जाणार, म्हणजे जागा पुढं. “तू सावकाश ये,” असं बायकोला म्हणून तो लोकांच्या काखांखालून, ट्रंकांवरून, एका गृहस्थाच्या चक्क खांद्याला रेटा देऊन वरच्या डेकवर पोचला. त्याच्या आधी दहा-वीस जण पोचले होते. हवी ती जागा कठड्यालगत अजून मोकळी होती, पण दोघं तिच्याकडे धावत होते. काशाप्पानं पंधरा हातांवरून घोंगडं फेकलं. ते हवेतच उलगडलं आणि जिथं पडायला पाहिजे तिथं पडलं.

“माणूस हाय इथं!” काशाप्पा गरजला. धावणारे दोघं जागच्या जागी थांबले. भालकी काय आणि मुंबई काय, कसब ते कसब.

बाणूबाई बोचकं घेऊन आली. घोंगड्याला वळसा घालून कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि पाण्याकडे बघू लागली.

“हे पाणी मेंढरं पितेत का?” तिनं विचारलं.

“न्हाई. खारट असतंय.”

“मग कामून एवढं ठिवलंय?”

त्यानं घोंगड्यावरची नसलेली धूळ झटकली. “बस की.”

“मी हाय तशी बरी.”

“बाणू,” तो म्हणाला आणि घुटमळला. एकोणीस वर्षांची तीन अक्षरं पुन्हा मागंच राहिली, आणि बाहेर पडलं ते दुसरंच. “ही जागा कुणाला देयाची न्हाई बग. लाट सायेब आला तरी.”

बाणूबाईनं मान वळवून त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. ती काहीतरी बोलणार होती, असं काशाप्पा पुढं जन्मभर सांगत असे. पण त्याच वेळी शिट्टी वाजली.

पोचवायला आलेल्यांनी उतरावं म्हणून खलाशानं ती शिट्टी मारली होती. दोन आखूड फुंकरा, हुबेहूब भालकीच्या कंडक्टरसारख्या. काशाप्पानं खांद्यावरची दस्ती झटकली, पुन्हा खांद्यावर टाकली, आणि वळून चालू लागला. डोकं बायकोपाशीच होतं, पाय मात्र कामावर निघाले होते. जागा धरली, माणूस आलं, शिट्टी झाली. पोचवायला आलेल्या लोकांच्या घोळक्यात तो शिडी उतरला, धक्क्यावर आला आणि सवयीनं हात धोतराला पुसून पुढची गाडी बघायला लागला.

पुढची गाडी नव्हती. समोर पाणी होतं.

मग त्याला कळलं. तिकिटं त्याच्या बंडीच्या खिशात, लिंगाप्पाचा पत्ता त्याच्याच खिशात, आणि बायको जहाजात. तिला मराठीशिवाय आणि मोडक्या कानडीशिवाय भाषा येत नाही. त्यानं वर बघितलं. कठड्याच्या गजांमधून त्याचं काळं घोंगडं दिसत होतं, आणि एक जाडजूड माणूस आपली ट्रंक त्याच्यावर ठेवायला वाकला होता. आत्ता ही बाजूला होईल, काशाप्पाच्या मनात आलं. ही आयुष्यभर उठतच आलीय. मीच तिला उठायला शिकवलंय.

बाणूबाई घोंगड्यावर बसली.

नुसती बसली नाही, पाय लांब पसरून, एक हात आडवा टाकून, बोचकं दुसऱ्या टोकाला ठेवून बसली. आणि माळावर पांगलेली मेंढरं हाकेवर गोळा करणाऱ्या बाईचा तो आवाज सगळ्या धक्क्यानं ऐकला. “उचला ती पेटी! इथं माझ्या घरचं माणूस हाय! खाली गेलंय, यायलंय आत्ता!”

मग तिनं गजांतून खाली बघितलं. “आवं, या की वर! तिथं उबारून काय करायलाव?”

खलाशी शिडीला हात घालत होते. काशाप्पा धावला तसा तो उदगीरच्या गाडीमागंही कधी धावला नव्हता. खलाशानं आईबापांचा उद्धार केला, तो त्यानं प्रसादासारखा घेतला आणि वर पोचला. जाडजूड गृहस्थ ट्रंकेवर बसून दुसरीकडे बघत होते.

काशाप्पा घोंगड्याच्या काठाशी उभा राहिला. हजारो जागा त्यानं धरल्या होत्या. त्याच्यासाठी आजवर कुणी धरली नव्हती, त्यामुळे अशा वेळी काय करतात ते त्याला माहीत नव्हतं.

“बसा,” बाणूबाई पाय आखडून घेत म्हणाली. “दस्ती नव्हती, म्हणून पाय टाकून ठिवले.”

तो बसला. जहाजाचा भोंगा झाला, धक्का हळूहळू लांब गेला. पाण्याकडे बघतच काशाप्पा म्हणाला, “चुकलं माझं. त्या उदगीरच्या गाडीत.”

“व्हय,” बाणूबाई म्हणाली आणि बोचक्यातून भाकरी काढली.

पणजीचं बारसं झालं, नातवाला बघून दोघं परत आले. स्टँडवरच्या लोकांनी काशाप्पाला घेरलं. भालकीत तोवर जहाजात बसलेलं दुसरं कुणी नव्हतं. “काशाप्पा, जहाजात चढल्यावर पैलं काय करायचं?” कँटीनवाल्यानं विचारलं. सगळ्यांना वाटलं, हा आता जागा कशी धरली त्याचं कीर्तन लावणार.

“पैलं?” काशाप्पा म्हणाला. “पैलं, उतरायचं न्हाई.”

लोक हसले. त्यांना वाटलं थट्टा करतोय. पुढच्याच महिन्यात बाणूबाईला माहेरी एका लग्नाला जायचं होतं. काशाप्पानं उदगीरच्या गाडीत दस्ती टाकली. बाणूबाई वर आली, खिडकीजवळ बसली आणि त्याला शेजारी बसवलं. कंडक्टरची शिट्टी वाजली तेव्हा तिनं त्याच्या धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरून ठेवला होता.