खांडीची राखण

पनवेलच्या उरण नाक्यावरून खाडीकडे उतरलं की मिठागरांचा लांबलचक बांध लागायचा. एका बाजूला खाडीचा चिखल आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला मिठाच्या कोंड्या, म्हणजे खारं पाणी सुकवायचे वाफे, आणि कोंड्यांच्या मागे, जरा खोलगट जागी, गावाची भातशेतं. या बांधावर तुळशीरामचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याचा बाप या बांधाचा राखणदार होता, बापामागून तो झाला. राखणदार म्हणजे काठी घेऊन माणसं हाकलणारा नव्हे. या बांधाचे चोर खेकडे. ते बिळं करतात, बिळातून भरतीचं पाणी शिरतं आणि मुठीएवढ्या भोकाची एका उधाणात खांड होते, बांधाला खिंडार पडतं. तुळशीराम रोज भरती ओसरली की अनवाणी बांधावर निघायचा. टाच दाबून बघायची, भुसभुशीत लागलं की चिखलाची ढेप टाकून पायानं ठोकायची. बोलणं कमी. बायको, गुणाबाई, म्हणायची, "यांची जीभ टाचंत हाय."

त्याला स्वतःची शेती नव्हती. गुंठाभरही नाही. मिठागर चाललं तर त्याची चूल पेटायची आणि गेल्या काही वर्षांत मिठागर चालत नव्हतं.

इंग्रज होते तेव्हा मिठावर पट्टी होती. ती गेली तेव्हा गावानं गूळ वाटला होता. पण मग कच्छ-काठेवाडाचं पांढरंशुभ्र मीठ गलबतं भरभरून मुंबईला उतरू लागलं आणि पनवेलचं काळसर मीठ बंदरावर पडून राहू लागलं. मालक शेटजींनी मिठागर सोडलं. गावानं सोसायटी काढून ते घेतलं. दोन हंगाम वाईट गेले. अठ्ठावन्न सालच्या पिठोरी अमावास्येला पाऊस आणि भरती एकदम आली आणि बांधाला खांड पडली. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी.

एरवी गावानं ती दुसऱ्या ओहोटीलाच बुजवली असती. पण सोसायटीचा सेक्रेटरी कमळाकर हा पनवेलचा, मॅट्रिक झालेला, कचेऱ्यांतून फिरणारा तरुण. तो धावतच आला.

"बुजवू नका," तो म्हणाला. "सरकारची योजना आहे. फुटलेल्या बांधांना दगडी बांधकाम करून देतात, वर कोंड्या दुरुस्त करायला मदत. साहेब येऊन पाहणार. डोळ्यांनी खांड दिसली तर मिळणार. तुम्ही चिखल थापून ठेवलात तर साहेब म्हणेल, यांचं तर भागलंय."

गावाला पटलं. तुळशीरामला सगळ्यात जास्त पटलं. दगडी बांध झाला असता तर मिठागर उभं राहिलं असतं आणि त्याच्याबरोबर तोही. सोसायटीनं ठरवलं की साहेब येईपर्यंत खांडीला कोणी हात लावायचा नाही. राखण तुळशीरामनं करायची.

पुढच्या पौर्णिमेचं उधाण कोंड्यांमध्येच जिरलं. शेतांच्या कडेला जुना बुटका बांध होता, तिथपर्यंत पाणी येऊन थांबलं. साहेब अष्टमीला येणार होते. भांगाचे, लहान भरतीचे दिवस, पाणी खाली, सगळं निवांत बघता आलं असतं. अष्टमी गेली. साहेब आले नाहीत.

आणि राखण वाटली तितकी सोपी नव्हती. त्या बांधावरून जाताना नाजूक जागा दिसली की प्रत्येकानं एक ढेप तिथं टाकून पुढं जायचं, ही गावाची रीतच होती. कोणी सांगत नसे, कोणी मोजत नसे. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी असली तरी बाई न वाकता पायाच्या बोटांनी ढेप लोटून जायची. आता खांडीच्या कडेनं उतरून पलीकडे चढणारं प्रत्येक माणूस तेच करत होतं.

"ए मैना! ढेप उचल ती," तुळशीरामनं हटकलं.

मैना थांबली. तिची शेतं बुटक्या बांधाला लागूनच होती, भात निसवलं होतं. "काय केलंव मी?"

"खांडीत टाकलीस. साहेबानं बघायची हाय ती."

"म्हंजे आता बांध फुटलेला राखायचा?" मैनानं पाटी सावरली. "तुमच्या बापानं ऐकलं असतं तर खाडीत ढकलला असता तुमाला. राखणदार म्हनं!"

"सोसायटीनं ठरवलंय."

"मंग सोसायटीला सांगा दर्यालाबी नोटीस द्यायला."

ती गेली. तुळशीरामनं ती ढेप उचलून लांब फेकली. मग मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा त्याला दिसलं की त्याची स्वतःची टाच खांडीच्या कडेवरचा चिखल दाबते आहे. कधीपासून दाबत होती, त्याला ठाऊक नव्हतं. त्या बाजूची कड चांगली घट्ट झाली होती. त्यानं पाय मागे घेतला.

सर्वपित्री अमावास्या जवळ आली. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण ते. बुटका बांध ते अडवणार नाही, हे तुळशीरामला त्याच्या मातीवरून कळत होतं. दुधात आलेल्या भातावर एकदा खारं पाणी चढलं की पीक तर जातंच, पुढची दोन वर्षं जमीनही उठत नाही. तो पनवेलला गेला आणि कमळाकरला गाठायला बसस्टँडजवळच्या हॉटेलात शिरला. कमळाकर चहा पीत होता आणि शेजारच्या बाकड्यावर मिठागराचाच विषय चालला होता.

"सरकारनं किती जणांना खांद्यावर घ्यायचं हो?" भाताच्या गिरणीतले एक दिवाणजी म्हणत होते. "धंदा मरतोय तर मरू द्या. कच्छचं मीठ स्वस्त आहे, लोक खातात. आपल्या मिठाला का औषध पाजायचं?"

"तुमच्या गिरणीवर ही पाळी आली की बघू," एक गाडीवान म्हणाला. "तेव्हा धोतर सांभाळत मामलेदाराकडे पळाल."

"गंमत बघा," तिसरा म्हणाला. "कच्छ आता आपल्याच मुंबई राज्यात. एकच सरकार त्यांना बंदर बांधून देणार आणि ह्यांना बांध. दोघांनाही मदत, म्हणजे पुन्हा भांडण होतं तिथंच."

"मदत गावापर्यंत पोचेस्तोवर तिची सावली तेवढी उरते," दिवाणजी म्हणाले आणि सगळे हसले.

तुळशीराम हसला नाही. "साहेब कवा येतील?" त्यानं कमळाकरला विचारलं.

कमळाकरनं कप खाली ठेवला. "निरोप आलाय. अमावास्येला. दुपारी जेवून निघतील."

"भरती बाराला हाय."

कमळाकरला ते माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी दोनदा विनवलं," तो हळूच म्हणाला. "जीप एकच आहे त्यांच्याकडे."

संध्याकाळी देवळापुढं गाव जमलं. दाजी गावातला मोठा शेतकरी. तो उठून म्हणाला, "बुजवा. भात घरात येऊ द्या. सरकारचं पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली मिठागर नसंल," धर्मराज उसळला. तो मिठागरावरचा मजूर, तुळशीरामसारखाच भूमिहीन. "दाजी, तुमचं भात हाय. आमचं काय हाय? आमची शेती म्हंजे ह्या कोंड्याच. एक साल तुमी सोसा ना! दर साली आमीच काय म्हनून?"

"सोसून जमीन खारी झाली तर तीन सालं जातील."

"सरकार त्याचीबी भरपाय देईल."

"कोन सांगतो?"

"सरकार हाय कशाला मंग?"

"मतं घ्यायला," मागून कोणीतरी म्हणालं. थोडे हसले, बरेच नाही.

काही ठरलं नाही. ठरलं नाही म्हणजे जुनाच ठराव कायम राहिला. कोणी हात लावायचा नाही. घरी गुणाबाईनं भाकरी पुढं सरकवली. "तुमी कायबी बोलू नका," ती म्हणाली. "दाजीची कोठारं भरलेली हायत. मिठागर बुडालं तर आपल्याला कोन इचारतंय?" त्यानं भाकरी मोडली.

अमावास्येच्या पहाटे ओहोटी अगदी तळाला गेली होती. खाडीत नुसता चिखल चमकत होता. तुळशीराम खांडीत उतरून उभा राहिला. पाणी एवढं आत ओढलं गेलं की तेवढंच जोरानं परत येणार. शेतांवरून वारा येत होता आणि त्या वाऱ्याला कोवळ्या भाताचा वास होता. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग बांधावर चढला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला.

"खांड गेलीऽऽ! खांडऽऽ!"

बांध फुटल्याची ही हाक आली की घरात राहायचं नाही, हे त्या गावात मुलांना चालायला लागण्याआधी कळायचं. भांडण असो, सुतक असो. माणसं फावडी, पेंढा, बांबू घेऊन पळत आली. मैना आली, दाजीच्या घरची सगळी आली. धर्मराजही आला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की हाक राखलेली खांड बुजवायची आहे. तो थांबला, शिवी हासडली आणि तरी खाली उतरून बांबू ठोकायला लागला.

माणसांची रांग लागली. ढेपा हातोहात येत होत्या. दोन्ही कडा जवळ येत होत्या आणि खाली तिवरांच्या मुळांशी पाणी चढायला लागलं होतं. मधलं तोंड सगळ्यात अवघड. पाणी तिथूनच घुसतं आणि टाकलेली माती विरघळवून नेतं. तुळशीराम आणि धर्मराज तिथं खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागून बाकीच्यांनी पेंढा आणि चिखल भरला. बारा वाजता पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. नवी माती घाम फुटल्यासारखी पाझरत होती. मग पाणी उतरू लागलं.

जीप आली तेव्हा माणसं बांधावर पडली होती, चिखलानं ओळखू न येणारी. साहेब वयानं फार मोठे नव्हते. बूट हातात घेऊन ते बांधावरून चालत आले.

"खांड कुठे आहे?"

कमळाकरनं ओल्या मातीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी वाकून माती बघितली. "ही तर बुजवलेली आहे."

"आज सकाळी बुजवली, साहेब. उधाण होतं. सगळा गाव साक्षीला आहे."

"मला वर विचारतील, तुम्ही काय पाहिलं? मी बांध पाहिला असं लिहू?" ते चिडलेले नव्हते. खाडीकडे बघत ते म्हणाले, "मला जासईकडे एक काम आहे. पाच वाजता याच वाटेनं परत येईन. तेव्हा जे दिसेल ते लिहीन." आणि ते जीपकडे निघून गेले.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सगळ्यांनाच एकदम कळलं.

"ओहोटी आहे," कमळाकर भरभर बोलू लागला. "तोंडच फक्त मोकळं करायचं. पाच वाजता बघतील, लगेच परत बुजवू."

"अंधारात?" दाजी म्हणाला. "ओली माती एकदा उकरली की परत धरत नाय. आन रातची भरतीबी एवढीच हाय."

"धरंल. आमी धरू," धर्मराज म्हणाला. त्यानं आपलं फावडं तुळशीरामच्या हातात दिलं. आवाज खाली आला. "तुळश्या, तू बांधलास, तूच उघड. माझ्या हातून झालं तर गाव मला फाडून खाईल. तुला कोन काय बोलनार नाय. तुझ्या-माझ्या पोटाचं हाय रे."

तुळशीरामनं फावडं घेतलं. गुणाबाई पलीकडे उभी होती, पदर कमरेला खोचलेला. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला काय हवं आहे ते त्याला ठाऊक होतं. मैना शेताकडे तोंड करून उभी होती. त्यानं फावडं उचलून मातीला टेकवलं. माती अजून मऊ होती. एक रेटा पुरे होता. त्यानं टाचेनं जागा चाचपली, अंदाज घेतला. धर्मराजही पुढे वाकला.

तुळशीरामनं फावडं आडवं ठेवलं आणि त्या मातीवर मांडी घालून बसला.

"ऊठ," धर्मराज म्हणाला.

तो उठला नाही. कमळाकरनं समजावलं, मग हात जोडले, मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सोसायटी संपली, तुळशीराम. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

धर्मराजनं त्याच्या शेजारची माती लाथेनं उडवली आणि तो तरातरा गावाकडे गेला. त्याच्यामागे मिठागरावरचे आणखी काही गेले. साहेब पाचला आले. बांधावर बसलेला माणूस त्यांनी लांबूनच पाहिला, जीपमधून उतरलेही नाहीत.

जीपची धूळ बसली. ज्यांची शेतं होती त्यांच्यातलेही बरेच आता घरी निघाले होते, जेवायला, पितरांचं पान वाढायला. दाजी जाताना म्हणाला, "चांगलं केलंस, बाबा," आणि तोही गेला. तुळशीराम बसलेलाच होता. त्याच्या खालची माती मधूनच हलकीशी खचत होती आणि प्रत्येक वेळी त्याची मान वर होत होती.

गुणाबाई आली. ती काही बोलणार असं त्याला वाटलं आणि तो त्यासाठी तयार झाला. तिनं डोक्यावरचा पेंढ्याचा भारा त्याच्यापुढे टाकला.

"उद्याचं उद्या भांडन," ती म्हणाली. "सरका तिकडं. हितं पाझरतंय."