नसलेला खडा

सोशल मीडियावर आमच्या तांदळाचं पेज आधी मी उघडलं होतं. कोणी विचारलं नाही तरी मी हे अजून सांगते, यावरून काय ते समजा.

आमचं गाव बिरसीजवळ. शेती धानाची, आणि एका कोपऱ्यातल्या दोन बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांमध्ये, सासरे हट्टाने चिन्नोर लावायचे. दाणा बारीक, आणि शिजायला लागला की वास शेजारच्या अंगणात जाणार. पूर्वी हा तांदूळ घरात आणि पाहुण्यांत संपायचा. मी गोंदिया शहरात वाढलेली, एम.ए., बी.एड. खासगी शाळेतली नोकरी सुटली तेव्हा मीच घरात म्हटलं, की हा पाकिटात भरून नागपूर-पुण्याला विकू. त्यासाठी एक ऑनलाइन कोर्स केला. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, लोक आधी माणसावर विश्वास ठेवतात, मग वस्तू घेतात; म्हणून स्वतःचा ब्रँड उभा करा. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. शहरातल्या स्टुडिओत जाऊन, पैठणी नेसून, हातात तांदळाचा वाडगा धरून फोटो काढला. व्हिडिओही केले. ‘नमस्कार, मी एक महिला उद्योजिका’ इथून सुरुवात. वाक्यं पाठ केलेली. पण बिरसीच्या पायलट शाळेची छोटी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर गिरक्या घेतात. विमान आलं की मी रेकॉर्डिंग थांबवायची आणि पुन्हा ‘नमस्कार’पासून धरायची.

पाहायचे कोण? माझ्या माहेरचे, आणि शाळेतल्या दोन जुन्या सहकारी.

माझी धाकटी जाऊ सालेकशाकडची, दहावी शिकलेली. तांदूळ वाळवणं, पाखडणं, पाकिटं भरणं हे तिच्याकडे होतं. भावाच्या लग्नाला मी माहेरी गेले असताना एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, तांदूळ या वर्षीचाच आहे ना, दाखवता का? तिने अंगणात बसल्या बसल्या रेकॉर्डिंग लावून फोन कशाला तरी टेकवला आणि सूप हातात घेऊन बोलायला लागली.

“काऊन तुमच्याकडच्या तांदराले वास नाही येत? येईन कसा! पॉलिश करू करू त्याचा जीव काढून राहिले तुम्ही.”

तेवढ्यात वरून विमान गेलं. तिने मान वर केली, हसली. “जाऊ द्या याले. नवा हाये, शिकून राहिला. मी बी नवीनच आहो.”

माझ्या दिराला ते आवडलं. त्याने तिच्या नावाने नवं पेज उघडून व्हिडिओ टाकला. चार दिवसांत तो कुठल्या कुठे गेला. मी माहेरच्या मांडवात बसून तो पुन्हा पुन्हा पाहिला. विस्कटलेले केस, खांद्यावरून घसरलेला पदर, ‘तांदूळ’चा ‘तांदूर’. लोक खाली लिहीत होते, ताई, किती खरं बोलता. मला वाटलं, मग मी काय खोटं बोलत होते?

परत आले तर ऑर्डरी तिच्या फोनवर येत होत्या. मी तिला शिकवायला गेले. म्हटलं, “अगं, बाईने ‘सांगते’ म्हणायचं, ‘सांगतो’ नाही. आणि ‘ळ’ म्हणायला शीक.” आमच्याकडे बायका ‘मी जातो, मी सांगतो’ असंच बोलतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिने माझं ऐकलं. एक व्हिडिओ माझ्या भाषेत केला. लोकांनी विचारलं, ताई, तब्येत बरी नाही का? ती खळखळून हसली. मीही हसले, आणि घरात जाऊन उगाचच भांडी आपटली.

महाशिवरात्रीला आम्ही सगळे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला, महादेवाच्या यात्रेला गेलो. चढणीवर तीन बायका आमच्यासमोर थांबल्या. “तुम्ही त्याच ना, चिन्नोरवाल्या?” जाऊ लाजली. त्यांतल्या एकीने आपला फोन माझ्या हातात दिला. “बाई, जरा काढून द्या ना आमचा.” मी काढला. जावेचं कपाळापासून वरचं डोकं चौकटीबाहेर राहील असा काढला, मुद्दाम. ती बाई फोटो न पाहताच आभार मानून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातले शेतावर गेले होते. मी खोट्या नावाचं खातं उघडलं आणि जावेच्या नव्या व्हिडिओखाली लिहिलं: ‘यांच्याकडून तांदूळ मागवला. त्यात खडे निघाले. व्हिडिओत दिसतं तसं प्रत्यक्षात नाही. ग्राहकांनी सावध राहावं.’ लिहून झाल्यावर छान वाटलं. खरंच छान वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्याखाली माणसं जमली. एकाने लिहिलं, सगळे असेच असतात. दुसऱ्याने तिच्या बोलण्याची नक्कल केली. पुण्याच्या एका दुकानदाराने ठरलेला माल थांबवला. जाऊ त्या रात्री जेवली नाही. सकाळी उठून तिने भरलेली सगळी पाकिटं ओट्यावर आणली आणि एकेक करून फोडायला लागली.

“ताई, तुमची नजर चांगली आहे,” ती म्हणाली. “बसता काय संगं?”

नाही कसं म्हणणार? बसले. सासूबाईही चष्मा लावून बसल्या. तीन दिवस आम्ही तिघी तांदूळ निवडत होतो. मान आखडली, बोटांच्या टोकांना पांढरं बसलं. खडा नव्हता. तो नसणार हे मला ठाऊक होतं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपासून मी मनात म्हणत होते, एखादा निघू दे. एक जरी निघाला असता तर माझं खोटं खरं झालं असतं. ओट्याखाली मुरमाचे खडे हवे तेवढे पडले होते. मी खाली वाकून एक उचलला. बराच वेळ मुठीत धरला. मग साडीच्या ओच्यात टाकला आणि पुन्हा निवडायला लागले.

तिसऱ्या दिवशी सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. जाऊ सुपावरची मान वर न करता म्हणाली, “ताई, ‘प्रत्यक्षात’ आपल्या घरी कोन म्हणते?”

मी पुन्हा तांदळात बोटं घातली.

“मी पयल्याच दिवशी ओळखलं.”

“मग हे सगळं निवडायला कायले बसवलं?” माझ्या तोंडून तिचाच शब्द निघाला.

“खडा असला असता तं? पाहाले तं पाह्यजे होतं ना. आन् तुम्ही सोताहून सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती मी.” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “काय केलं मी तुमचं? तोंडावर बोलायचं होतं.”

“मी आधी सुरू केलं होतं गं,” मी म्हटलं. “मला कोणी पाहत नाही.” आणि रडायला लागले.

तिने माझी समजूत काढली नाही. “म्हणून माझ्या तांदरात खडे टाकान?” एवढंच म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. म्हटलं, मी व्हिडिओ करते, माझ्या तोंडाने लोकांना सांगते की ते मी लिहिलं होतं. मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती. कुठली साडी नेसायची तेसुद्धा. ते लक्षात आलं तेव्हा माझी मलाच किळस आली. कबुली द्यायची ती पण लोकांनी मला पाहावं म्हणून!

“नका करू,” ती म्हणाली. “लोक म्हणतीन, घरात भांडन आहे. ते खोटं खातं बंद करा, बस.”

मी तिच्यासमोर ते बंद केलं. मग तिने तिचा व्हिडिओ टाकला. तिघी तीन दिवस बसलो, खडा नाही भेटला, ज्याले भेटला त्याने मले फोन करावा, बदलून देतो. बहुतेक गिऱ्हाइकं परत आली. पुण्याचा दुकानदार आला नाही. जाऊ आठ-दहा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. नंतर बोलायला लागली, पण पूर्वी माझ्यासमोर फोन उघडा ठेवून जायची, तसा आता ठेवत नाही.

माझं पेज मी काढून टाकलं. पाकिटावरचा मजकूर मी लिहिते, दूरच्या गिऱ्हाइकांची पत्रं-मेसेज मी पाहते. हे काम मला येतं. तरी सकाळी चहाच्या आधी तिच्या व्हिडिओला किती जणांनी पाहिलं ते मी बघते, आणि आकडा कमी असला की चहा गोड लागतो.

गेल्या महिन्यात तिला तालुक्याला बचत गटाच्या बायकांसमोर बोलायला बोलावलं होतं. दिराला वेळ नव्हता, म्हणून माझ्या स्कूटीवर मीच तिला घेऊन गेले. सभागृहात मागे बसले. ती धान, पाकिटं, गिऱ्हाईक, सगळ्यावर बोलली. मध्ये एकदा अडखळली, पदराने तोंड पुसलं, “पानी द्या बाई कोनी,” म्हणाली, आणि पुढे बोलत गेली. बायका पुढे सरकून ऐकत होत्या. माझं नाव तिने घेतलं नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

परतताना तिने मागून विचारलं, “कसं झालं, ताई?”

चांगलं झालं होतं. मी कोर्समध्ये शिकले होते त्यातलं काहीच तिने केलं नव्हतं, आणि फार चांगलं झालं होतं. पण ते तोंडातून निघायला मला रेल्वेचं फाटक ओलांडून गावचा रस्ता लागेपर्यंत वेळ लागला.