आंबिलवालीचा मालक

आमच्या गल्लीतला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नव्हतं. वडील शिवाजी पेठेत बैलगाड्यांची चाकं करणारे सुतार. रंदा मारताना न हलणारा त्यांचा हात सही करताना थरथरायचा. मी बी.एस्सी. झालो, कॉलेजच्या रसायनशाळेत नोकरीला लागलो आणि गल्लीतला प्रत्येक कागद आमच्या दारात यायला लागला. कोर्टाची नोटीस, मिलिटरीतल्या पोराचं पत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. "मास्तर हायत का?" अशी हाक आली, की मी मुद्दाम जरा उशिरा बाहेर यायचो.

मग माझं लग्न झालं. बायको सीमेकडच्या गावची, माहेरी कानडी बोलणारी, चौथी पास. तिनं येताना एक मडकं आणलं होतं. नाचणीला मोड आणून ती वाळवायची, जात्यावर भरडायची, पातळ शिजवायची आणि गार करून मडक्यात ओतायची. मडक्याच्या तळाशी मागच्या खेपेचं आंबट राखलेलं असायचं. त्यात रानतुळशीच्या मंजिऱ्या, रानओवा आणि तिच्या गावच्या माळावरचा वाळवून आणलेला आणखी एक पाला, अशी जुडी बांधून सोडायची. त्या पाल्याचं नाव तिला फक्त कानडीत ठाऊक होतं. मी वनस्पतिशास्त्राची दोन पुस्तकं चाळली, सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं, की आंबूस, रानवट वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

पहिल्यांदा फुटबॉलची पोरं आली. प्रॅक्टिस करून घामाघूम झालेली, एक वाटी मागून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. मग समोरचे अत्तरवाले चाचा आले. वाटी नाकाशी धरून डोळे मिटून बसले. "बेटी, मी चाळीस वर्षं वास विकतोय. ह्यो वास माझ्या एका बी कुपीत न्हाय." माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. माझ्याशी ती कधी तशी हसली नव्हती.

हळूहळू दारातली हाक बदलली. "वैनी, आंबील हाय का?" एकदा मी बाहेर आलो तर एक पोरगं म्हणालं, "तुमी नगं, वैनी कुठं हायत?" कुणी पावणे आंबिलवालीचं घर विचारत आले, तर त्याच पोरानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो काय, तिचा मालक हितंच बसलाय की!"

हे सगळं मी गिळलं असतं. वडिलांचं, आबांचं, गिळता येईना. त्यांचे दात गेले होते, पोट बिघडलं होतं, भाकरी पचत नव्हती. सुनेची आंबील मात्र तीन वेळा घ्यायचे आणि वर म्हणायचे, "हिच्या हातानं जगलो बग मी." माझ्या डिग्रीबद्दल त्यांनी बरं-वाईट एक अक्षर कधी काढलं नव्हतं.

एक दिवस मी डब्याच्या पिशवीतून आंबिलीची बाटली कॉलेजात नेली. उकळून वाफ थंड केली, थेंब गोळा केले, कॉस्टिक सोडा आणि आयोडीन घालून बघितलं. पिवळा साका बसला, दवाखान्याचा वास आला. माझे वरिष्ठ हसले. "आहे की अल्कोहोल. पण एवढं तर इडलीच्या पिठातही निघेल. माशीलासुद्धा चढायची नाही."

घरी मी त्यांच्या बोलण्यातलं अर्धंच आणलं.

संध्याकाळी आबा कट्ट्यावर वाटी घेऊन बसले होते. चाचा होते, पोरं होती. मी म्हणालो, "आबा, ही बिअर हाय."

"म्हंजी?"

"दारू. परीक्षा करून आलोय."

आबा दर पुनवेला नरसोबाच्या वाडीला जाणारे. गुत्त्यावरून जाताना धोतर आवरून घ्यायचे. त्यांनी वाटीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "कालिजात केलीस?"

"व्हय."

त्यांनी वाटी खाली ठेवली. माझ्या शिक्षणावर त्यांनी टाकलेला तो पहिला विश्वास. उठून चूळ भरली आणि तिन्हीसांजेला पुन्हा अंघोळ केली. बायको उंबऱ्यात उभी होती. "अवो, खरं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मी खोटं कशाला सांगू?" तिनं मडकं मोरीत ओतलं, तळाचं आंबटसुद्धा, आणि पालथं घातलं.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मग आबांच्या पोटात दुधात कुस्करलेली भाकरीही ठरेना. आठवड्याभरात सदरा त्यांच्या खांद्यावरून घसरायला लागला. एका सकाळी मी त्यांच्या अंथरुणापाशी बसलो आणि इडलीच्या पिठाचं, माशीचं, सगळं सांगितलं.

"मग तवाच का न्हाय बोललास?"

"लोक तिच्याकडं यायला लागलेत, म्हणून."

आबांनी उशीवरून मान उचलली. "शिकलेली माणसं बी अशी जळत्यात व्हय? मला वाटलं, ते आमा अडाण्यांचंच काम." मग कूस बदलून म्हणाले, "जा, तिला सांग. मला सांगून काय उपेग?"

ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, मान वर केली नाही. "आंबट तर मी वतून टाकलं की. आता अव्वाकडनंच आणाय पायजे." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती माहेरी, आईकडं गेली. मी येतो म्हणालो, तर म्हणाली, "नगं." चौथ्या दिवशी परतली, मांडीवर फडक्यानं बांधलेली आंबटाची लोटी घेऊन.

आंबील तयार झाली त्या संध्याकाळी कट्टा भरलेला होता. आबांनी वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावेनात. सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "काय रं, पिऊ?"

"प्या आबा. दारू न्हाय ती. मी अर्धं लपवून सांगितलं होतं."

पोरं फिदीफिदी हसली. चाचांनी मान दुसरीकडं वळवली. आबांनी घटाघटा वाटी रिकामी केली आणि सुनेपुढं धरली. "आनि वाईच घाल, पोरी."

कबूल केलं की पोटातली आग विझेल, असं मला वाटलं होतं. आबा तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती बघून पुन्हा आत टोचलं, पहिल्याइतकंच. फक्त त्या दिवशी मी उठून आत गेलो नाही. पोरांना देऊन झाल्यावर, सगळ्यात शेवटी, तिनं माझ्या हातात वाटी दिली. मी प्यालो. फार चांगली झाली होती, आणि तिला तसं सांगायला माझी जीभ काही केल्या उचलेना.