चंद्रभान मोठा की महादेव?

अकोल्याच्या सहदेव माळ्याने आयुष्यात हुतूतूची एकच चढाई केली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. छाती भरून दम घेतला, रेघ ओलांडली, चार पावलं टाकली आणि शिंकून रेतीत पडला. समोरच्यांना त्याला धरायचीही गरज पडली नाही. त्यांना हसूच आवरेना. सहदेव उठला, अंगावरची रेती झटकली आणि काठावर जाऊन बसला. तिथून तो पुन्हा कधी खाली उतरला नाही, पण एकही सामना त्याने चुकवला नाही.

जागाही तशीच होती. मोर्णा नदीचं पाणी ओसरलं की तालमीचे गडी रेतीवर हुतूतू खेळायचे, आणि सहदेवची वांगी-मेथीची वाडी नेमकी त्या रेतीला लागून. मोट हाकता हाकता खेळ रंगात आला की बैल आपोआप थांबत. मालकाचं लक्ष नाही, हे त्यांना त्याच्याआधी कळायचं. बायको वच्छला घरातून ओरडायची, "अवो, मेथीले पाणी द्या! चंद्रभान काई तुमच्या मेथीले पाणी द्याले येत नाई!"

चंद्रभान म्हणजे सहदेवचा देव. बारीक, सावळा, वेतासारखा लवचिक. चढाईला निघाला की पायांचा आवाज नाही. उजवीकडे बघायचा, डावीकडचा गडी मारायचा. एकदा अमरावतीची तालीम खेळायला आली. आपले सगळे गडी बाद झाले, एकटा चंद्रभान उरला. त्याने एका दमात पाच जण मारले आणि सरपटत येऊन रेघेला बोट लावलं. ते पाच सहदेवने काठावर बसून बोटांवर मोजले होते.

पण त्याच तालमीत महादेव होता. खांद्याने रुंद, मानेने आखूड. तो हुलकावणी वगैरे देत नसे. सरळ आत जायचा, चौघं त्याला धरायचे, आणि तो चौघांना घेऊन रेघेकडे यायचा, जसा बैल वखर ओढत आणतो. महादेवचा भक्त होता जानराव. काळ्या जमिनीचा कुणबी, सहदेवचा लहानपणचा मित्र आणि वीस वर्षांचा वैरी.

"तुहा चंद्रभान मारे कोणाले? बाळापूरच्या कच्च्या पोट्ट्यायले!" जानराव म्हणायचा.

"अन् अमरावतीवाले पाच? ते का तुह्या आत्याचे होते?"

"एक दिवस त कोंबडाबी उडते, गड्या. महादेव रोज खेळला. अन् तुहा देव भर जवानीत तालीम सोडून गेला ना चांदूर बाजारले! घरजावई झाला!"

इथे मात्र सहदेव बैल हाकायला उठायचा. हे खरं होतं. चंद्रभानच्या सासऱ्याला मुलगा नव्हता, शेत मोठं होतं. एका उन्हाळ्यात तो गेला तो गेलाच. सहदेव दोन दिवस जेवला नव्हता. वच्छलेला वाटलं, ताप आला.

अशी वर्षं गेली. महादेव पटकीच्या साथीत वारला. त्याची बायको सुभद्रा तिथेच तालमीमागच्या गल्लीत राहायची. वाद मात्र ताजाच राहिला.

मग कापसाचे दिवस आले. सात समुद्रापलीकडे अमेरिकेत गोरे आपसात लढायला लागले, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला. ज्यांच्या दारात कधी घोडी नव्हती, त्यांच्या दारात दोन झाल्या. खुशालराव नावाच्या शेतकऱ्याने तर बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. तरी चांदी उरली. तेव्हा त्याने तालमीत येऊन जाहीर केलं, "आपल्या तालमीत जो सगळ्यात मोठा चढाईवाला होऊन गेला, त्याच्यासाठी माह्याकडून चांदीचं कडं. शिवरात्रीले द्याचं. कोणाले ते तुमी ठरवा."

झालं! ज्या वादाला दोनच माणसं पुरत होती, तो गावभर पसरला. न्हाव्याकडे अर्धी हजामत झालेली माणसं उठून जाऊ लागली. नदीवर धुणं धुताना बाया दोन दगडांवर वेगळ्या बसू लागल्या. शेवटी तालमीच्या पंचांनी सहदेव आणि जानराव दोघांनाही बोलावलं, कारण जितका खेळ या दोघांनी पाहिला होता तितका कोणीच पाहिला नव्हता.

दोन घटका दोघं भांडले. मग सहदेवला एकदम सुचलं. "चंद्रभानलेच विचारा ना! तो जित्ता हाय. इमानदार माणूस. तो म्हणन ते मले मंजूर."

"मलेबी मंजूर," जानराव म्हणाला. "महादेवसंगं तो रोज खेळला. खोटं नाई बोलणार."

खामगावला कापूस टाकून अमरावतीकडे रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांची तेव्हा रीघ लागलेली असायची. सहदेव त्यातल्याच एका गाडीवर बसला. भाड्यापोटी एक टोपलं वांगी दिली. अमरावतीहून पुढे दुसरी गाडी धरून चौथ्या दिवशी दुपारी तो चांदूर बाजारला पोचला.

चंद्रभान शेतात कापूस वेचत होता. सहदेवने त्याला ओळखलंच नाही. पोट सुटलेलं, पुढचे दोन दात गेलेले, एक गुडघा फडक्याने बांधलेला. चंद्रभाननेही याला ओळखलं नाही. ओळखणार कसा? एका शिंकेपुरताच तर त्याने सहदेवला रेतीवर पाहिला होता. पण अकोल्याचा माणूस म्हटल्यावर तो हरखला. घरी नेलं, भाकर-झुणका वाढायला लावला, कोण जिवंत, कोण गेलं ते विचारलं. महादेव गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्याने हातातला घास ताटात ठेवला.

सहदेवने हळूहळू विषय काढला. अमरावतीचा सामना पहिल्यापासून सांगितला. कुठे कोण उभा होता, वारा कुठून होता, सगळं. चंद्रभान दुसऱ्याचीच गोष्ट ऐकावी तसा ऐकत होता.

"असं झाल्तं काय?" तो म्हणाला. "पाच? मले त तीनच आठवतात."

"पाच!" सहदेव जवळजवळ ओरडला. "म्या सोता मोजले, चंद्रभानजी!"

"असन बाप्पा. तुमी म्हणता त असन."

मग कड्याची गोष्ट निघाली. चंद्रभानने क्षणभरही विचार केला नाही. "द्या सुभद्राबाईले. महादेवच मोठा."

सहदेवच्या कानांवर त्याचाच विश्वास बसेना. "काहून?"

"मी पळून याचो, भाऊ. तो चालत ये. सरावात त्याच्यासमोर उतराचं म्हटलं की मले सकायपासून भाकर जात नसे."

"तुमाले काई समजत नाई!" सहदेवच्या तोंडून निघून गेलं. "तुमी त आत असा, दम धरून. तुमाले काय दिसते? म्या पाह्यलं हाय! तुमच्यासारखा कोणी झाला नाई, अन् होणारबी नाई!"

चुलीपाशी बसलेली चंद्रभानची बायको खो खो हसू लागली. "ऐका, ऐका! घरी आतापर्यंत असं कोणी म्हटलं नव्हतं!" चंद्रभानही हसला. पण मत काही त्याने बदललं नाही. गुडघ्यामुळे प्रवास झेपणार नव्हता, म्हणून निरोप सहदेवनेच न्यायचा ठरला.

परतीची वाट सहदेवला फार लांब वाटली. चंद्रभान काय म्हणाला, हे अकोल्यात फक्त त्यालाच ठाऊक असणार होतं. "मीच मोठा असं म्हणाले," एवढे चार शब्द पुरे होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याने ते चार शब्द गाडीवाल्यावर घासून पाहिले. सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "शेवटी चंद्रभानजी म्हणाले, मीच मोठा."

गाडीवान सूर्यभान बैलाची शेपटी पिळत म्हणाला, "मेलेल्या गड्याहून मी मोठा म्हणते? मंग तो माणूस खेयात कसाबी असो, बुवा, मनानं लहानच दिसते."

सहदेव त्याच्यावरच चिडला. "तो तसा नाई! असं नाईच म्हणाला तो!" आणि मग खरं काय ते सांगून टाकलं. सूर्यभान हसून म्हणाला, "मंग पह्यलेच असं काहून सांगितलं नाई?" पुढचे दोन कोस सहदेव नुसता पळसाची झाडं बघत बसला.

शिवरात्रीला रेतीवर सगळं गाव जमलं. सहदेव उभा राहिला. घसा खाकरला. "चंद्रभानजी म्हणाले, महादेव मोठा. कडं सुभद्राबाईले द्या म्हणाले." एवढं बोलून तो खाली बसला. बसता बसता पुटपुटला, "पण त्यायले काय समजते!"

जानराव नाचला. खरोखर नाचला, धोतर सुटेपर्यंत. सुभद्राबाईंनी पदर सावरत कडं हातात घेतलं, वजन करून पाहिलं आणि भर सभेत विचारलं, "चंद्रभान बरा हाय ना? लय खाये तो. आमच्या घरी सरावानंतर याचा, अन् माह्या घरच्यासाठी काई उरू देत नसे." मग डोळे पुसत त्या घरी गेल्या.

संध्याकाळी जानराव वाडीवर आला. बांधावर बसला, मेथीची काडी चघळली. आता भांडायचं कशावरून, हे त्यालाही समजत नव्हतं.

"पाचाचं काय म्हणाला तो?" त्याने सहज विचारलं. "पाच होते ना?"

सहदेवने मोटेच्या बैलांकडे पाहिलं. "पाच होते," तो म्हणाला. हे त्याने स्वतः मोजलं होतं, तेव्हा यात खोटं काही नव्हतं.

"तरीबी महादेव—"

"तरीबी काय? खेयणाराले खेय दिसत नाई, जान्या. तो काठावरून दिसते."

आणि दोघं पुन्हा सुरू झाले. वच्छलेने आतून ऐकलं आणि जानरावाचीही भाकर थापायला घेतली.

पुढच्या हिवाळ्यात अमरावतीवाले पुन्हा आले. तालमीत शेषराव नावाचा नवा गडी तयार झाला होता. त्याने एका दमात चौघं मारले. काठावर बसलेला खुशालराव उड्या मारत ओरडला, "पाह्यलं? हा चंद्रभानच्याबी पुढं, अन् महादेवच्याबी पुढं!"

सहदेवने आणि जानरावने एकमेकांकडे पाहिलं. मग दोघंही उठले, खुशालरावाच्या एकेका बाजूला जाऊन बसले.

"खुशालराव," जानराव म्हणाला, "तुमी कापसातले माणूस. जरा ऐकून घ्या."

"पह्यले वारा कुठून होता ते सांगतो," सहदेव म्हणाला.